बाई, मग त्या बाईचं काय झालं?

मागच्या महिन्यात पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं. वाळवीची शंका आली होती. वाळवी काही सापडली नाही, पण खालच्या कप्प्यातून 'व्हॅन गॉग' हाताला लागलं. आयर्व्हिंग स्टोन यांच्या 'लस्ट फॉर लाइफ' या १९३४ सालच्या कादंबरीचा माधुरी पुरंदरे यांनी केलेला मराठी अनुवाद. मी घातलेलं खाकी कव्हर अजून जागेवर होतं. मग काय, कपाट राहिलं तसंच उघडं आणि मी जमिनीवर बसूनच वाचायला लागले. ह्यांनी चहासाठी दोन हाका मारल्या, तिसऱ्या वेळी स्वतःच करून घेतला.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना हे पुस्तक नक्की आठवत असेल. शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवायची. कुणी शिक्षक रजेवर असले आणि ऑफ तासाला वर्गावर जावं लागलं, की मी गोष्ट सांगायची. व्हॅन गॉगची गोष्ट माझी अगदी ठरलेली. खाणकामगारांना स्वतःचे कपडे देऊन टाकणारा, वेडाच्या भरात स्वतःचा कान कापणारा, जिवंतपणी जेमतेम चित्र विकलं गेलेला आणि मेल्यावर कोट्यवधींना विकला जाणारा चित्रकार. मुलं गुंगून जायची.

या गोष्टीत मधेच एक बाई यायची. हेग शहरातली. नववीच्या मुलांपुढे तिच्याबद्दल काय बोलणार? मी एका वाक्यात उरकायची. 'एका गरीब, निराधार, गरोदर बाईला त्यानं आसरा दिला, पण ते काही टिकलं नाही, मग तो तिथून निघाला.' तो निघाला की त्याच्यामागोमाग मीही निघायची, सूर्यफुलांकडे.

एकदा मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी कधी तोंड न उघडणारी. म्हणाली, "बाई, मग त्या बाईचं काय झालं?"

वर्ग हसला. 'बाई' हा शब्द दोनदा आला म्हणून असेल, किंवा त्या वयातली मुलं कशालाही हसतात म्हणून असेल. मीही हसले. "गोष्ट व्हिन्सेंटची चाललीय ना? खाली बस," म्हणाले. ती बसली.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. परवा पुस्तकातलं हेगचं प्रकरण संपलं आणि ती मुलगी डोळ्यांपुढे उभी राहिली. तिचे वडील घर सोडून निघून गेले होते आणि आई चार घरची धुणीभांडी करून तिला शिकवत होती. हे मला चांगलं ठाऊक होतं, तिचा मदतीचा अर्ज मीच भरून दिला होता. तरी तो प्रश्न कुठून आला हे माझ्या ध्यानात आलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला उत्तरही येत नव्हतं.

म्हटलं, उत्तर शोधू या. नातवानं टॅब्लेटवर व्हिन्सेंटची पत्रं काढून दिली. एकूण ९०२ पत्रं आहेत, त्यानं लिहिलेली आणि त्याला आलेली. २००९ साली ती सगळी इंग्रजी भाषांतरासह कुणालाही फुकट वाचता येतील अशी इंटरनेटवर ठेवली गेली. माझं शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं, त्यामुळे शेजारी डिक्शनरी घेऊन बसावं लागलं. पण हेगमधली पत्रं वाचून काढली.

त्या बाईचं नाव क्लासिना मारिया होर्निक. स्टोनच्या कादंबरीत ती ख्रिस्तीन आहे, पत्रांत व्हिन्सेंट तिला सीन म्हणतो. (नाटकातला सीन नव्हे, हे आपलं तिचं घरगुती नाव.) जन्म २२ फेब्रुवारी १८५०, हेगमध्येच. म्हणजे व्हिन्सेंटपेक्षा तीन वर्षांनी मोठी.

ती भेटली तेव्हा व्हिन्सेंटची अवस्था काय होती, ते थोडं सांगायला हवं. वडील पाद्री. सोळाव्या वर्षी हा गूपील या चित्रं विकणाऱ्या कंपनीत लागला, १८७६ साली ती नोकरी गेली. मग इंग्लंडमध्ये काही महिने मास्तरकी केली (तेवढ्यापुरता आमच्याच जातकुळीतला), पुस्तकांच्या दुकानात बसला, धर्मशास्त्राचा अभ्यास अर्धवट सोडला, बेल्जियमच्या कोळसा खाणींत धर्मप्रचारक झाला आणि तिथूनही त्याला काढून टाकलं. चित्रकार व्हायचं ठरवलं ते १८८० साली, सत्ताविसाव्या वर्षी. त्या वयात आपल्याकडे मुलगा 'सेटल' झाला नाही तर आईबापांची झोप उडते, मग त्या घरात काय चाललं असेल याची कल्पना करा.

त्यात १८८१ च्या उन्हाळ्यात तो मावसबहिणीच्या प्रेमात पडला. के व्होस तिचं नाव, विधवा, पदरी एक लहान मुलगा. आपल्याकडे मावसबहीण म्हणजे बहीणच. तिकडे तशी बंदी नव्हती, पण तिनं त्याला साफ नाही म्हणून सांगितलं. हा ऐकेना. अॅमस्टरडॅमला तिच्या आईवडिलांच्या घरी जाऊन थडकला आणि दिव्याच्या ज्योतीत हात धरून म्हणाला, हा हात ज्योतीत राहील तेवढा वेळ तरी मला तिला भेटू द्या. हे त्यानंच पुढे पत्रात लिहिलं आहे. भेट झाली नाहीच. त्याच वर्षी ऐन नाताळात चर्चला जाण्यावरून वडिलांशी कडाक्याचं भांडण झालं आणि तो घर सोडून हेगला आला. खिशात पैसे नाहीत, धाकटा भाऊ थिओ पॅरिसहून पाठवील त्यावर गुजराण. नात्यातला प्रसिद्ध चित्रकार मॉव्ह त्याला शिकवत होता, त्याच्याशीही लवकरच बिनसलं.

अशा वेळी, १८८२ च्या जानेवारीअखेरीस, सीन त्याच्या आयुष्यात आली. पाच वर्षांची मुलगी बरोबर, आणखी एक मूल पोटात. आधीची दोन मुलं दगावलेली. वडील वारलेले. शिवणकामावर भागत नसे म्हणून शरीर विकायची. पोटातल्या मुलाचा बाप तिला टाकून गेला होता. तारखा पाहिल्या तर ते मूल व्हिन्सेंटचं नव्हतं हे सरळ आहे.

त्यानं तिला आसरा दिला, असं मी वर्गात सांगायची. पत्रं वाचल्यावर वाटलं, हे निम्मंच खरं आहे. पहिले काही महिने त्यानं तिला काम दिलं आणि तिनं ते केलं. चित्रासाठी समोर बसण्याचं काम. मॉडेलची पुरती मजुरी द्यायला जमत नव्हतं, म्हणून तो तिचं घरभाडं भरायचा आणि आपल्यातली भाकरी तिला न् तिच्या लेकीला द्यायचा. पोटुशी बाई त्या थंडीत येऊन तासन् तास एका जागी बसायची. ज्यांची कंबर गरोदरपणात दुखली आहे त्यांना यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत.

चित्रकार शिकतो तो समोरच्या माणसाला पुन्हा पुन्हा काढून. अकादमीतले मॉडेल त्याला परवडणारे नव्हते, आणि मॉव्हनं प्लास्टरचे पुतळे काढायला सांगितले तेव्हा त्यानं ते फोडून टाकले होते. जिवंत माणसाचं शरीर तो शिकला ते मोठ्या प्रमाणात सीनच्या शरीरावरून. ती शिवताना, शेगडीजवळ जमिनीवर बसून चिरूट ओढताना, पुढे बाळाला पाजताना. तिच्या आईला आणि लेकीलाही त्यानं समोर बसवलं.

यातलं सगळ्यांत प्रसिद्ध चित्र एप्रिल १८८२ मधलं, 'सॉरो', म्हणजे दुःख. आज ते इंग्लंडमध्ये वॉल्सॉलच्या कलादालनात आहे. एक विवस्त्र बाई बसली आहे, गुडघ्यावर हात, हातांत डोकं खुपसलेलं. तोंड दिसत नाही. पोट दिसतं, ओघळलेले स्तन दिसतात, पाठीवर मोकळे केस. पायांशी वसंतातली दोन-चार फुलझाडं. खाली त्यानं मिशले या फ्रेंच लेखकाचं एक वाक्य लिहिलं आहे, एक स्त्री अशी एकटी टाकलेली या जगात असावीच कशी, अशा अर्थाचं. आपण आजवर काढलेली ही सगळ्यांत चांगली आकृती, असं तेव्हा त्याला वाटत होतं. टॅब्लेटवर ते चित्र मोठं करून मी बराच वेळ पाहत होते. सून मागून आली आणि म्हणाली, "आई, हे काय बघताय?" मी म्हटलं, "बाळंतपणाला तीन महिने उरलेली बाई."

थिओपासून त्यानं हे सगळं मे महिन्यापर्यंत लपवून ठेवलं. मग मात्र लांबलचक पत्रं लिहिली. एका पत्रात तो भावाला विचारतो की बाईला टाकून देणं हे सभ्यपणाचं, का टाकलेल्या बाईला जवळ करणं? प्रश्न बिनतोड आहे. हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

जगानं व्हायचा तोच गहजब केला. मॉव्हनं तुझा स्वभाव विखारी आहे असं तोंडावर सांगून पाठ फिरवली. गूपीलचे हेगमधले व्यवस्थापक टर्स्टेग घरी येऊन तिच्यादेखत याला वाटेल ते बोलून गेले. थिओनं लग्न करू नकोस असा सल्ला दिला, पण पैसे बंद केले नाहीत. आणि ज्या वडिलांशी एवढं भांडण झालं, त्यांच्याकडून पुढे गरम कपड्यांचं एक पार्सल आलं. त्यात एक बायकांचा कोटही होता. सोबत उपदेशाचं एक अक्षर नाही. त्या पाद्रीबुवांबद्दल मला एकदम आदर वाटला. आपल्याकडेही बापमाणसं अशीच, तोंडानं कधी बोलणार नाहीत.

जूनमध्ये व्हिन्सेंट गुप्तरोगानं हेगच्या सरकारी इस्पितळात पडला. तीन आठवड्यांहून जास्त. सीनचे दिवस भरत आलेले, तरी भेटीच्या दिवशी ती चालत येऊन त्याला भेटायची. मग ती लायडनच्या इस्पितळात बाळंतपणासाठी गेली. हा १ जुलैला घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी, धड उभं राहवत नसताना, तिच्या आईला आणि लेकीला घेऊन लायडनला पोचला. बाळंतपण फार अवघड गेलं, चिमटा लावावा लागला. मुलगा झाला. नाव विलेम. (व्हिन्सेंटचंही मधलं नाव विलेमच.)

त्यानंतरची काही पत्रं वाचताना मला भरून आलं. त्यानं शेजारची थोडी मोठी जागा घेतली. तिच्यासाठी वेताची खुर्ची, बाळासाठी लोखंडी पाळणा. पाळण्यावर भिंतीला रेम्ब्रांटच्या एका चित्राची छापील प्रत लावली. पाळण्याशी दोन बायका, त्यातली एक दिव्याच्या उजेडात वाचते आहे असं ते चित्र. ज्याला आयुष्यभर कुणी घरात घेतलं नव्हतं, तो माणूस पाळणा मांडत होता. पुढच्या वर्षी त्यानं सीनच्या लेकीला पाळण्याशी गुडघे टेकून बसलेली काढलं. ते रेखाटन जरूर पाहा. सूर्यफुलांसमोर गर्दी होते, याच्यासमोर होत नसावी.

मग बिघडलं कुठे? पुस्तकं सांगतात, सीन आळशी, चिडखोर, दारू पिणारी, आईच्या आणि भावाच्या नादी लागलेली. थिओची बायको योहाना हिनं १९१४ साली व्हिन्सेंटची पत्रं प्रसिद्ध केली, तिनंही प्रस्तावनेत सीनचं वर्णन फार कडक शब्दांत केलं आहे. अडाणी, देवीच्या वणांची, तापट, चिरूट ओढणारी. योहानाचे उपकार आपण विसरू नयेत, ती नसती तर व्हिन्सेंट जगाला कळला नसता. पण या ठिकाणी ती मला आपल्याकडच्या एखाद्या धाकट्या जावेसारखी वाटली. जिला आपण पाहिलंही नाही, तिला नावं ठेवणं सोपं असतं.

मी घर चालवलं आहे, म्हणून मला दुसरा हिशेब दिसतो. थिओकडून महिन्याला दीडशे फ्रँक यायचे. त्यात दोन मोठी माणसं, दोन मुलं, भाडं आणि चित्रकाराचा सगळा संसार, म्हणजे कागद, रंग, आणि दुसऱ्या मॉडेलांची मजुरी. चित्रं विकली जात नव्हती. काकानं शहराची रेखाटनं मागवली होती, तेवढीच काय ती कमाई. थिओचाही दोष नाही, तो बिचारा नोकरदार, आईवडिलांनाही बघायचा. महिनाअखेरीला घरात खायला नसायचं तेव्हा व्हिन्सेंट उपाशीपोटी चित्रं काढू शकत होता, कारण त्याला चित्रं काढायची होती. सीनला काय काढायचं होतं? तिला अंगावरचं मूल वाढवायचं होतं. ती चिडत असेल, गप्प बसत असेल, आईकडे धावत असेल. तिचं म्हणणं काय होतं हे कळायला मात्र काही मार्ग नाही. त्या ९०२ पत्रांत सीनच्या हातचं एकही नाही.

१८८३ च्या सप्टेंबरमध्ये व्हिन्सेंटनं निर्णय घेतला. कर्ज झालं होतं, थिओचाही आग्रह होता, आणि सीन जुन्या धंद्याकडे वळणार अशी भीती त्याच्या मनात बसली होती. ११ सप्टेंबरला तो उत्तरेकडच्या ड्रेंथ प्रांतात निघाला. सीन आणि मुलं स्टेशनवर आली होती. वर्षाचा विलेम त्याला फार लळा लावून होता, गाडीत बसल्यावरही तो याच्या मांडीवर होता. मग त्याला खाली उतरवावं लागलं असेल.

बाईला टाकून देणं सभ्यपणाचं का, हा प्रश्न सव्वा वर्षापूर्वी त्यानंच विचारला होता.

मी त्याला दोष द्यायला बसलेले नाही. ड्रेंथच्या पत्रांत तो तळमळताना दिसतो. एखादी बाई कडेवर मूल घेऊन जाताना दिसली की त्याचे डोळे भरून यायचे. डिसेंबरात तो हेगला येऊन तिला भेटला, आणि त्याला काय दिसलं? ती जुन्या धंद्याकडे वळली नव्हती. लोकांचे कपडे धुऊन स्वतःचं आणि मुलांचं पोट भरत होती. ज्या भीतीपोटी तो निघून गेला, ती भीती निदान तेव्हा तरी खोटी ठरली होती. परत आल्यावर त्यानं थिओला जी पत्रं लिहिली त्यांत चरफड आहे, भावावरची आणि स्वतःवरचीही. पण तो तिच्याकडे परत गेला नाही.

हे वाचलं आणि मी टॅब्लेट बाजूला ठेवला. लोकांचे कपडे धुऊन. पंचवीस वर्षांपूर्वी मधल्या बाकावरून जिनं विचारलं होतं, तिला हे सांगता आलं असतं तर!

पुढचं थोडक्यात सांगते, कारण माहितीच थोडी आहे. मुलगी आजीकडे वाढली, विलेम मामाकडे. सीन या गावाहून त्या गावाला जात, मिळेल ते काम करत राहिली. वेगळं होताना व्हिन्सेंटनं तिला सुचवलं होतं की एखाद्या विधुराशी सोयीचं का होईना लग्न कर. १९०१ साली एक्कावन्नाव्या वर्षी तिनं एका खलाशाशी खरंच तसं लग्न केलं. १२ नोव्हेंबर १९०४ रोजी तिनं पाण्यात उडी घेऊन जीव दिला. व्हिन्सेंटच्या जुन्या पत्रात तिचं एक बोलणं आलं आहे. माझा शेवट पाण्यात उडी घेऊनच व्हायचा, असं ती त्याला म्हणाली होती.

व्हिन्सेंट तिच्याआधीच, २९ जुलै १८९० ला गेला होता, तोही स्वतःवर गोळी झाडून. ती गेली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०५ च्या उन्हाळ्यात, अॅमस्टरडॅमला योहानानं त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं. चारशेहून जास्त कलाकृती. आपली एवढी चित्रं काढणारा माणूस मोठा होतोय, हे सीनच्या कानावर कधी आलं होतं की नाही कोण जाणे.

तर हे झालं त्या बाईचं. आश्रय दिला आणि टिकलं नाही, या एका वाक्यात ते मावत नव्हतं. दीड-पावणेदोन वर्षं दोन बुडणाऱ्या माणसांनी एकमेकांना धरून ठेवलं. त्यातल्या एकाला पैसे पाठवणारा भाऊ होता, लिहिता येत होतं, आणि पुढे त्याची पत्रं जपून ठेवणारी भावजय मिळाली. दुसरीला यातलं काहीच नव्हतं. म्हणून इतिहासात तो 'पुढे गेला' आणि ती 'मागे राहिली'. पस्तीस वर्षं इतिहास शिकवून हे मला आता कळतंय.

ती मुलगी आज चाळिशीत असेल. कुठे असते माहीत नाही. त्या बॅचचं कुणी हे वाचत असेल आणि तिच्या संपर्कात असेल, तर तिला एवढा निरोप द्या की बाईंनी उत्तर शोधलं, आणि त्या दिवशी हसल्याबद्दल बाईंना वाईट वाटतं. घरचा पत्ता तोच आहे. आली तर चहा घेऊन बसू, गोष्ट पहिल्यापासून सांगीन.

कपाट अजून तसंच उघडं आहे. असो.